ही वाचनालयाची गाडी नाही

असा कागद मी दारावर चिकटवला तिसऱ्या दिवशी.
तोवर दोघेजण पुस्तकं परत करून गेले होते.

येल बेटावर आमची गाडी येते तीन वर्षांतून एकदा,
बोटीच्या पोटात, साखळ्यांनी जखडून,
एका अंगाला मेंढ्यांचा ट्रक, दुसऱ्या अंगाला डिझेल.
वाचनालयाची येते दर पंधरवड्याला.
दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना तीन पायऱ्या.
चूक कुणाचीही होईल.

इथं झाड नाही. वारा कुणाला विचारून येत नाही.
एका हातानं दार धरायचं,
दुसऱ्यानं बाईला आत घ्यायचं.

मेंढ्या विण्याचे दिवस.
पोरक्या कोकरांना बाटलीनं चीक पाजून
बायका तशाच येतात, बाही वाळून कडक झालेली.
एक स्वेटर उतरतो, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा,
प्रत्येकाची वीण वेगळी, प्रत्येक घरची.
ऑस्ला इंक्स्टर स्वेटर उलटा करून दाखवते:
"गाठ असायचीच. धागा संपतो, दुसरा जोडावा लागतो.
फक्त आतल्या बाजूला घ्यायची.
डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते."
आणि स्वतःच्याच वाक्यापाशी थबकते.

मी म्हणते, हनुवटी वर. खांदा सैल.
माझे हात गार आहेत, माफ करा.
आता श्वास रोखा.

चौथ्या दिवशी मॅग्नी माउट आला, फेटलारहून.
कागद वाचला, तरी चढला.
हातात एकच पुस्तक,
मीमाचं. मीमा हिवाळ्यात गेली.
"चुकून नाही आलो," म्हणाला.
पान एकशे बारावर, खूण म्हणून,
आमचं पत्र.
तिचं नाव, तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार, सकाळचे दहा वीस.
पाकीट फोडलेलंच नव्हतं. ते त्यानं फोडलं होतं, परवा, सुरीनं, नीट.

"त्या दिवशी बोट बंद होती का?"

मी जुनी वही काढली.
बोट चालू. वारा मंद.
माझंच अक्षर.
खोटं बोलता आलं असतं. त्यानं वही मागितली नव्हती.
पण तो वहीकडे नाही, माझ्याकडे बघत होता.
चालू होती, म्हणाले.
त्यानं मान हलवली, भाव ठरल्यावर हलवतात तशी.

आधी आली असती तर,
हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं
तर छातीठोक सांगावं असं माझ्यापाशी काहीच नव्हतं.

पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.
पुस्तक द्यायचं असेल तर ती गाडी गुरुवारी, मी सांगितलं.
"छे. मी वाचतोय अजून.
ती इथवर आली होती. पुढचं मला एकट्याला वाचायचंय.
खुणेला दुसरं काही आहे?"
हाताशी होतं ते दिलं: माहितीपत्रक,
सात चित्रं, बाईचा हात डोक्यावर,
दुसऱ्या हाताची तीन बोटं.

शुक्रवारी दुपारच्या बोटीनं तो पुन्हा आला.
मागच्या सीटवर इंगा आणि एलेन, शेजारणी, बहिणी,
दोघींची नावं माझ्या यादीत लाल.
"आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून
अख्खं पत्रक वाचलं त्यानं," इंगा म्हणाली,
"मोठ्यानं. एक शब्द गाळला नाही.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस,
चहा निवत होता आणि हा म्हणतोय, स्तनाग्र.
कोट घालण्यावाचून काय करणार आम्ही?"

ती हसत होती, म्हणून छायाचित्र हललं.
पुन्हा घ्यावं लागलं.

खिडकीतून त्याची मोटार दिसत होती,
वाऱ्यानं डुलणारी, इंजीन चालू.
श्वास रोखा, मी म्हणाले.
बाहेर त्यानं चष्मा वर सरकवला,
अंगठा ओला केला, पान उलटलं.
सोडा.